भाच्याची भरती आणि माझा मोबाइल

धंतोलीत औषधाचं दुकान असलेल्या माणसाला गावाकडचे नातेवाईक डॉक्टरच्या खालोखाल मानतात. कोणता दवाखाना, नंबर कधी लावायचा, खर्च किती येईल, सगळं मलाच विचारतात. म्हणून भाच्यानं सैन्यातल्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीचा फॉर्म भरायचं मनावर घेतलं, तेव्हा काटोलजवळच्या गावाहून बहिणीचा फोन मलाच आला. "दादा, आता सारं ऑनलाइनच भरा लागते म्हणते. तू बघ ना जरासं."

सैन्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण दुपारी ओपीडी संपली की आमच्या गल्लीत शुकशुकाट होतो. तेवढ्यात काउंटरवर बसल्या बसल्या मी मोबाइल चाळायला लागलो.

यूट्यूबवर तर महापूरच. मैदानावर उभे राहून घसा फोडणारे कोच आणि त्यांच्यामागे पळणारी पोरं. भाच्याला हे सगळं तोंडपाठ होतं: सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की साठ गुण, दहा बीम काढले की चाळीस, मग नऊ फुटांचा खड्डा. चार वर्षांनंतर काय, असं विचारलं की मात्र "पाहू ना मामा" एवढंच. कोचांना नावं ठेवत नाही. पोरगं त्यांच्यामुळेच पहाटे उठू लागलं. पण त्यांचा धडा भरतीच्या मैदानावर सुरू होतो आणि तिथंच संपतो. त्यापुढची चार वर्षं घरच्यांनी कशी काढायची, हे सांगणारं कुणी नव्हतं.

ते सापडलं लष्कराच्या 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर. दिसायला अगदी रुक्ष. लांबलचक जाहिरात, बारीक अक्षरं, इंग्रजी-हिंदी. लेखी परीक्षाही तेव्हा मराठीत नव्हती. २०२५ पासून ती तेरा भाषांमध्ये घेतात आणि त्यात मराठी आहे. गावाकडच्या पोरांचं निम्मं ओझं त्यानं उतरलं असेल.

नोंदणीला आधार आणि डिजिलॉकर लागतं, आणि नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवं. इथंच गाडी अडली. बापाच्या नावातला 'राव' गुणपत्रिकेवर होता, आधारवर गळाला होता. भाऊजी म्हणाले, "राव असला काय न् नसला काय, बाप तर मीच हाओ ना!" बरोबर होतं, पण कॉम्प्युटरला ते कसं पटवणार? आधार केंद्र, सेतूतून अधिवासाचा दाखला, सरपंचाकडून चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला, अशी सगळी वरात काढली.

लेखी झाली, मैदान झालं, मेडिकल झालं. मग एक दिवस भाऊजींना फोन आला. डीपीवर वर्दीतला माणूस, हिंदी एकदम करारी. "लड़के का मेडिकल अटका है, आज पैसे भेजो तो क्लियर कर दूँगा." भाऊजी पैसे गोळा करायला निघालेच होते. बहिणीनं मला फोन केला म्हणून वाचले. भरतीला कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, दलालांपासून सावध राहा, हे लष्कर स्वतःच्या सूचनांमध्ये वारंवार सांगतं. मेडिकलमध्ये खरंच काही निघालं तर सैनिकी रुग्णालयात फेरतपासणी असते. ती फोन पेवर होत नाही. तो नंबर मी १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवला. पुढे त्या माणसाचं काय झालं देव जाणे.

निवड झाल्यावर बहीण दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून सेवाशर्ती वाचल्या. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, पण हातात एकवीस. उरलेले नऊ हजार सेवानिधीत, आणि तेवढेच सरकार घालतं. चौथ्या वर्षी पगार चाळीस हजार. चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. एका तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. "म्हणजे चारातले तीन घरी," बहीण बोटांवर मोजत म्हणाली. मग ४८ लाखांच्या विम्याची ओळ आली. हप्ता भरावा लागत नाही, हे मी सांगत होतो. तिनं विचारलं, "हे कधी भेटते?" मी सांगितलं. तिनं माझ्या हातातला मोबाइल काउंटरवर उलटा ठेवला आणि म्हणाली, "चहा सांग."

चहा पिता पिता तिनं आणखी एक विचारलं. त्यांच्या गावातल्या निवृत्त हवालदारानं सांगितलं होतं, आता आईबापाचा दवाखाना फुकट. भाऊजींचा गुडघा गेलेला, आणि धंतोलीत त्याला किती लागतात हे तिला माझ्याकडूनच माहीत. हवालदार काही खोटं बोलत नव्हते; ते त्यांच्या वेळच्या भरतीचं सांगत होते. अग्निवीरच्या कागदात उपचार आणि कँटीन आहे, पण ते अग्निवीराला, आणि तेही नोकरीत असेपर्यंत. नंतर माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यांची ईसीएचएस ही आरोग्य योजना नाही. जुन्या जाणत्याच्या शब्दाला घरात मान असतो, म्हणूनच ही गैरसमजूत काढणं त्या फोनवाल्याला ओळखण्याहून अवघड गेलं.

ट्रेनिंगला नेमकं कामठीचं गार्ड्स रेजिमेंटल सेंटर मिळालं. काँग्रेसनगरला मेट्रोत बसलं की ऑटोमोटिव्ह चौक, पुढं ऑटो. बहीण म्हणाली, "मंग रविवारी डबा नेऊन देत जाशील." तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. रविवारी त्यांना थोडा वेळ फोन मिळायचा, त्यात पोरगं जेवणाबद्दलच बोलायचं. आम्ही आत पाऊल टाकलं ते थेट पासिंग आउट परेडला. आईवडिलांना तिथं गौरव पदक देतात. भाऊजी त्या दिवशी गुडघा विसरून ताठ उभे होते.

संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर फोटो झळकला: पोरगा, पदक, आणि शेजारी नव्या युनिटचं नाव असलेला कागद. कागदाचा फोटो मी स्टेटसवरून हटवायला लावला. ते रुसले. लष्करानं २०२० मध्ये जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट ८९ अॅप्स काढायला सांगितली होती. ते उगीच नाही. "जवानाले सांगतलं ना, बापाले कुठं सांगतलं?" भाऊजी म्हणाले. यावर मला उत्तर सुचलं नाही, पण कागद गेला.

आता पोरगं कुठं आहे ते आम्ही विचारत नाही. पत्ता आहे: नंबर, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. राखीच्या वेळी भाचीनं ऑनलाइन राखी मागवायला घेतली, तर नऊनं सुरू होणारा पिनकोड ते अॅप घेईचना. कुरिअरवाल्यानंही हात वर केले. एपीओला टपाल खात्यातूनच जातं. मी तिला पोस्टात घेऊन गेलो. पाकिटावर पत्ता कसा लिहायचा हे खिडकीतल्या बाईंनीच सांगितलं, मोबाइलपेक्षा लवकर.

हल्ली समोरच्या दवाखान्यातला एक वॉर्डबॉय त्याच्या मुलासाठी विचारायला येतो. मी त्याला सेवाशर्तींचं पान उघडून देतो. त्यानं परवा ते खालपर्यंत सरकवलं आणि विचारलं, "भाऊ, याच्यात पळाचं कसं ते कुठं लिहून आहे?"