दादाचं शेवटचं क्रियापद

आमचं बालपण तिरोडीचं. जिल्हा बालाघाट, राज्य मध्य प्रदेश, पण तुमसर जवळ. त्यामुळे घरात मराठी, बाहेर हिंदी. गाव मँगनीजच्या खाणींचं. दादानेही तिथेच नोकरी केली.

सत्तरीत दादाला कंपवात झाला. आधी अक्षर मुंगीएवढं झालं, मग आवाज बारीक झाला. मला मँगनीजचीच शंका आली. १८३७ साली ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांत असाच आजार पाहिला होता. पण आमचे डॉक्टर म्हणाले, "हात स्वस्थ असताना थरथरतो, लेव्होडोपाने फरकही पडलाय. हा नेहमीचा पार्किन्सन्सच. मँगनीजच्या आजारात ही गोळी सहसा फारशी लागू पडत नाही."

दादाला वाटायचं, आपण नीट बोलतोय, हीच मंडळी बहिरी झालीत. या आजारात आपला आवाज किती लहान झालाय ते माणसाला स्वतःला कळत नाही. शब्दही उशिरा सापडतात, त्यातही क्रियापदं जास्त अडतात. आणि आपल्या मराठीत क्रियापद येतं अगदी शेवटी! तिथवर थांबायला सवड कोणाला? बँकेत कोणाचा अर्धवट चेक मी कधी स्वतः भरला नाही. दादाची वाक्यं मात्र रोज भरत होतो.

एकदा तो म्हणाला, "तिरोडीचं घर... मला..."

"विकायचंय ना? बरं झालं, गिऱ्हाईक आहेच."

तो नुसता बघत राहिला. त्याचा चेहराही आजाराने स्थिर झालेला. मी होकार समजलो आणि व्यवहार करून टाकला.

पुढे वाचाउपचाराच्या ताई यायला लागल्या. दीर्घ श्वास, मोठ्याने "आ", मग मोठ्याने वाक्य. आम्हाला ताकीद एकच : मध्ये बोलायचं नाही. एका सकाळी दादाने तेच वाक्य पुन्हा सुरू केलं. मी ओठ दाबून बसलो. वहिनीही थांबल्या. बऱ्याच वेळाने शब्द आला, "...बघायचंय."

त्याला घेऊन गेलो तिरोडीला. दुसऱ्यांच्या अंगणात उभं राहून घर बघितलं. नव्या मालकांनी चहा दिला. परतताना गाडीत दादा म्हणाला, "बरं..." आणि अडला.

मी काही बोललो नाही. तुमसर येईपर्यंत वाट पाहिली.

"...वाटलं," तो म्हणाला.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर एवढंच करा, वाक्य त्यांचं त्यांना संपवू द्या.