काथ्याची जागा छपराखाली

शेतातल्या टाकाऊ मालातून निघणारा तंतू उद्या काचतंतूची जागा घेणार, असं मी पनवेलमध्ये अभियांत्रिकीच्या मुलांना वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. नारळाच्या सोडणाचा काथ्या किंवा केळीच्या खुंटाचा धागा रेझिनमध्ये घालायचा आणि गाडीचे भाग घडवायचे. काचतंतूची घनता 2.5, यांची 1.3च्या आसपास, म्हणजे वजन निम्मं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

ते बदललं इथल्या पावसाळ्याने. सेल्युलोज पाणी ओढतं. दमट हवेत हे तंतू वजनाच्या दहा टक्क्यांइतका ओलावा सहज धरतात, फुगतात, सुकले की आकसतात. रेझिन तेवढं हलत नाही आणि दोघांमधली पकड सुटत जाते. शिवाय काथ्याची ताणशक्ती 200 मेगापास्कलच्या आसपास, काचतंतूची 2000च्या वर. कॉस्टिक सोड्यात भिजवल्याने पकड सुधारते, पण ही दरी बुजत नाही.

काथ्याचे गुण वेगळेच आहेत. त्याची एक काडी दोन चिमटींत धरून ओढून बघा. ती लांबते, आणखी लांबते, मग तुटते. केळीचा धागा तटकन जातो. काथ्यातले सेल्युलोजचे सूक्ष्म धागे स्प्रिंगसारखे तिरपे वेढे घेतात, केळीतले जवळजवळ सरळ असतात. काथ्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या घरात, म्हणून तो लवकर कुजत नाही. आणि त्याच्या पेशी आतून पोकळ असतात.

मला ही पोकळी आता सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात हवा अडकून राहते. स्थिर हवेची उष्णतावाहकता 0.026, काथ्याच्या सैल मॅटची 0.05च्या जवळपास, पोलादाची 50. म्हणून काथ्याची जागा मला पत्र्याच्या छपराखाली दिसते. मे महिन्यात पत्रा साठ अंशांपर्यंत तापतो. या तंतूंचं विघटन सुरू व्हायला दोनशेच्या पुढे जावं लागतं. पेंढ्याने शाकारलेली घरं थंड का राहात, त्याचंही कारण ही अडकलेली हवाच.

आगीची भीती रास्त आहे. काथ्या धुमसत राहतो, त्यामुळे बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया हवीच. ती वाळवीलाही आवरते. मॅट ओली झाली की उष्णता अडवण्याचा गुण घटतो, म्हणून गळका पत्रा चालणार नाही. पण आपल्याकडे पत्रा सर्वांत तापतो तेव्हा पाऊस नसतो, हे किती सोयीचं!

माझ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच सांगणं आहे: ताणयंत्रावर नमुने तोडणं थोडं थांबवा. एखाद्या पत्र्याच्या खोलीत छपराखाली दोन इंच काथ्या लावा, शेजारची तशीच खोली मोकळी ठेवा आणि मे महिनाभर दोन्हींचं तापमान नोंदवा. ती वही मला आणून दाखवा.