तांबडी तार, काळी तार

माझा स्वभाव पडला मास्तराचा. कुठे खोट दिसली की तिच्याखाली तांबडी रेघ ओढल्यावाचून मला चैन पडत नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने आईसाठी दोन स्पीकर पाठवले. ते मी स्वतः जोडले आणि चार दिवसांत निकालही देऊन टाकला, "डबे आहेत नुसते!" भीमसेनांची अभंगवाणी लावावी, तर तबल्यातला डग्गा गडप, आणि पंडितजी समोर बसून गाण्याऐवजी भिंतीमागे येरझारा घालताहेत असे वाटे. हे मी भावाला फोनवर ऐकवले. तो नुसते "बरं" म्हणाला. पुढे त्याचे फोन आईलाच येऊ लागले.

गेल्या दिवाळीत तो आला, तो करंगळीएवढ्या जाड तारेचे भेंडोळे घेऊन. किंमत ऐकून मला घाम फुटला.

"दादा, तारेनं आवाज सुधारतो म्हणतात."

विज्ञान मला मॅट्रिकपुरतेच ठाऊक. पण एक चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार जाऊन-येऊन 8 मीटर धरली, तरी तिचा रोध भरतो सुमारे 0.14 ओहम, स्पीकरचा 8 ओहम. हत्तीवर माशी बसली काय नि उडाली काय! हां, तार दोऱ्यासारखी बारीक किंवा फार लांब असेल, तर गोष्ट वेगळी. खर्जाला एक तार आणि बारीक सुरांना दुसरी, असे सोवळेओवळे पाळणारेही आहेत. ॲम्प्लिफायरपाशी मात्र दोन्ही एकाच खुंटीला बांधलेल्या!

माझे हे प्रवचन चालू असताना भाऊ स्पीकरमागे वाकला होता. एका पेटीची तांबडी तार काळ्या खुंटीला होती, काळी तांबड्या. म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, आणि खर्जाचे सूर एकमेकांना गिळून टाकीत. त्याने मुकाट्याने तारा बदलल्या.

डग्गा घुमला. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "नवी रेकॉर्ड का रे?"

भाऊ माझ्याकडे पाहत होता. मी खिडकीतून आकाशकंदील पाहत होतो.

"ही तार परत करतो मग," तो म्हणाला.

"राहू दे. जोडू," मी म्हणालो.

ती तार अजून आहे. आवाजात काडीचा फरक नाही. जोडताना मात्र तांबडी तांबड्यालाच लागली ना, हे मी तीनदा पाहिले.