सात पुस्तकांनंतरचा बाप

आमच्या अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी नाटक बघण्यापेक्षा वाचण्याचीच गोष्ट जास्त. कानेटकर, तेंडुलकर आम्हाला वाचनालयाच्या कपाटात भेटले. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं; मी ते आजवर पाहिलेलं नाही, पण त्यातले अप्पासाहेब बेलवलकर आमच्या वाड्यात राहून गेल्यासारखे ओळखीचे आहेत. त्यामुळे २०१६ च्या जुलैअखेर ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ आलं आणि ही कादंबरी नव्हे, नाटकाची संहिता आहे म्हणून चाहते हिरमुसले, तेव्हा मला त्यांचं नवलच वाटलं. कंसातल्या सूचना वाचत वाचत मनातल्या मनात पडदा वर करायची सवय आम्हाला होतीच.

सातवं पुस्तक २१ जुलै २००७ चं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेलं. ते संपलं आणि एक मोठं घर रिकामं झालं. मधली नऊ वर्षं कोणी तिथे राहायला येणार नाही, असं मीही धरून चाललो होतो. तोवर नोकरी लागली, लग्न झालं. आठवा भाग हातात आला तेव्हा मुलगा पाळण्यात होता.

नाटक उघडतं ते सातव्या पुस्तकाच्या शेवटच्याच प्रसंगावर. एकोणीस वर्षांनंतरचं किंग्ज क्रॉस स्टेशन, वाफेचं लाल इंजिन, पोरांना शाळेत धाडायला आलेले आईबाप. या गाडीचं अप्रूप मुंबईच्या मुलांना असेल. आम्हाला तिच्यात परकं काही वाटलं नाही. आमच्या गावावरून मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला जायची, अडीच फुटी रुळांवरून, आपल्याच नादात. वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं, डिझेल आलं. पुढे गाडीच बंद पडली. रूळ गवतात आहेत. जादूच्या गाडीला लपायला पावणेदहाव्या फलाटाची गरज का पडावी, हे मला लहानपणी कळायचंच नाही. आमची शकुंतला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अदृश्य झाली.

तर स्टेशनवर हॅरी आहे, पण तो आपला हॅरी नाही. जादू मंत्रालयात मोठा अधिकारी आहे, टेबलावर फायलींचा ढीग तुंबलाय आणि मंत्री झालेली त्याची जुनी मैत्रीण हर्मायनी त्याच्यावर करवादते. आपल्या लाडक्या वीराला तुंबलेल्या फायलींसह बघणं चाहत्याला सोसत नाही. मला मात्र सगळ्या नाटकात सर्वांत खरं तेच वाटलं. ज्यानं अकराव्या वर्षी राक्षसाशी झुंज दिली, त्याला चाळिशीत टपाल निपटता येऊ नये, यात काय नवल? तहसील कचेरीत असे किती तरी हॅरी बसलेले आहेत.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. खलनायक व्होल्डेमॉर्टला मुलगी होती, हा उलगडा तर सरळसरळ ओढूनताणून आणलेला. जो माणूस प्रेमाला अपात्र म्हणून सात पुस्तकं रंगवला, त्याला वंश देऊन काय साधलं? काळ मागे नेणारं यंत्र पुन्हा काढणं हीही सोय. आणि गाडीत खाऊ विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या हातांना एकाएकी अणकुचीदार काटे फुटतात, तिथे मी मोठ्यांदा हसलो. पण हे सगळं माफ करून पुस्तक मी जपून ठेवलंय, ते एका दुपट्यासाठी.

हॅरीला त्याच्या आईनं गुंडाळलं होतं ते दुपटं. पेट्यूनिया मावशीनं ते लपवून ठेवलेलं, तिच्या मागे तिच्या मुलानं, डडलीनं, पाठवलेलं. हॅरी ते मोठ्या मायेनं आपल्या मधल्या मुलाला, आल्बसला, देतो. मुलगा म्हणतो, मला कशाला हवंय हे फाटकं? शब्दाला शब्द वाढतो आणि हॅरीच्या तोंडून निघून जातं की तू माझा मुलगा नसतास तर बरं, असं कधी कधी वाटतं. त्याचं दुपटं आणि माझी सात पुस्तकं एकाच जातीची. माझीही घरात अशीच कुणाची तरी वाट बघत बसलेली आहेत. पाळण्यातला मुलगा आता अकरा वर्षांचा झाला आणि त्यानं पहिलं पुस्तक चाळून परत ठेवलं. “बाबा, हे तुमचं आहे,” एवढंच म्हणाला.

बापाची गोष्ट मुलानं ऐकावी, ही हौस आपल्याकडे फार जुनी. सुर्जीत देवनाथ मठ आहे; कीर्तनातलं आख्यान ठाऊक असूनही दर वेळी ऐकायला बसणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. रामायणाचंच घ्या. उत्तरकांड मागाहून जोडलेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पुढचा भाग काढायची खोड आजची नव्हे, आणि तो न आवडण्याचीही नव्हे. रावण मेला, राज्याभिषेक झाला, तिथेच थांबायला हवं होतं, असं म्हणणारे घरोघरी आहेत. पण ‘गीतरामायण’ सुरू करताना गदिमांनी नेमकी त्या पुढच्या भागातलीच जागा पकडली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांची ती मालिका सुरू झाली, आणि पहिल्याच गीतात दोन मुलगे गातायत, समोर बाप ऐकतोय. मुलांना ठाऊक नाही की हा आपला बाप.

त्यांना गाता आलं, ते बहुधा याचमुळे. लव-कुशांच्या अंगावर रामाचं ओझं नव्हतं. आल्बसला जन्मापासून ठाऊक आहे. शाळेच्या बोळात पोरं त्याला बापावरूनच तोलतात, आणि तो पडतो बापाला नको असलेल्या स्लिदरिन गटात, बापाच्या वैऱ्याचा मुलगा स्कॉर्पियस त्याचा एकुलता एक मित्र. अशा मुलानं बापाचं चरित्र कोणत्या तोंडानं गावं?

शेवटाकडे नाटक बापलेकांना काळ मागे नेऊन एके ठिकाणी उभं करतं. ३१ ऑक्टोबर १९८१, गॉड्रिक्स हॉलो. हॅरीचे आईबाप मारले जाताहेत आणि हॅरीला हात आवरून ते बघायचंय. बदललं तर सगळंच बदलेल. आल्बस शेजारी आहे. सात पुस्तकं जी रात्र सांगोवांगी ऐकली, ती मुलगा बापाशेजारी उभा राहून पाहतो. वैभव नाही, विजय नाही, नुसता पोरका होणारा एक वर्षाचा जीव. मला वाटतं, आल्बसला बाप तिथे भेटला. पराक्रम सांगून जे जमलं नव्हतं, ते त्या एका रात्रीनं जमवलं.

त्यानंतर एक लहानसा प्रसंग आहे. शाळेत असताना मारल्या गेलेल्या सेड्रिकच्या थडग्यापाशी हॅरी मुलाला आपली भीती सांगतो: अंधार, कोंदट जागा आणि कबुतरं. मी जेवताना सहज हा भाग घरात सांगितला. मुलानं घास तसाच धरला.

“हॅरी पॉटर कबुतराले भेते?”

“हो.”

“खरंच लिवलं हाय?”

पुस्तक काढून पान दाखवलं. इंग्रजी अडखळत वाचलं त्यानं, मग पोट धरून हसला. आईला सांगितलं, आजीला सांगितलं. आणि मग माझ्याकडे वळून, “अन् तुमाले कायचं भेव वाटते, बाबा?”

मी म्हटलं, विहिरीचं. आमच्या पानमळ्यातल्या. सातव्या वर्षी आत पडलो होतो.

“मले कधी सांगतलं नाही तुमी,” म्हणाला, आणि पुढ्यातली भाकरी थंड होईपर्यंत त्यानं मला ती विहीर सांगायला लावली: किती खोल, पाणी किती, काढलं कोणी, रडलो की नाही.