लंकेची बोट

वऱ्हाडातल्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध मिठापुरता. तसे आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीही खारट लागते. पण त्या पाण्याला लाटा नाहीत आणि त्याच्या पलीकडे परदेशही नाही. तेव्हा अमरावतीत बसून बोटीने लंकेला जाण्याचा बेत आखणे म्हणजे आप्तेष्टांना चहाबरोबर एक विषय पुरवणेच होय. "लंकेत काय हाय बाप्पा? त्यापरीस शेगावले जाऊन या, दर्शन तरी होईल," असे आमच्या एका मामांनी सांगूनही टाकले.

मामांना काय सांगावे? बेत मुळी माझा नव्हेच. तो अकोल्याला थोरल्या भावाकडे राहणाऱ्या माझ्या वडिलांचा.

बाबांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा नकाशा काढला की खाली लंकेचा थेंब ठेवल्याखेरीज त्यांचा हात थांबत नसे. मग ते बोट मेलची हकीकत सांगत. मद्रासला एग्मोर स्टेशनावर गाडीत बसायचे, १९१४ साली खुल्या झालेल्या पांबनच्या पुलावरून धनुष्कोडी गाठायची, तिथे बोटीत चढायचे, तलैमन्नारला उतरायचे आणि पुन्हा आगगाडीने कोलंबो! १९६४ साली बाबा अठरा वर्षांचे होते. पुढच्या उन्हाळ्यात एका मित्राबरोबर धनुष्कोडीला जायचे त्यांनी ठरवले होते. बोटीत बसण्याइतके पैसे दोघांजवळ नव्हते. नुसती बोट पाहून परतायचे होते. पण त्या वर्षी २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आले आणि स्टेशन, धक्का, माणसांनी भरलेली एक गाडी, सारेच समुद्राने नेले. पुढे रामेश्वरहून बोट सुरू राहिली. तीही १९८० नंतरच्या दशकात लंकेतल्या यादवीमुळे बंद पडली. तोवर बाबा संसाराला लागले होते.

आता बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. आणि बोट पुन्हा सुरू झाली आहे. ती धनुष्कोडीहून नव्हे, तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून निघते आणि जाफन्याजवळच्या कांकेसंतुरै बंदराला लागते. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले, आणि आठवड्याभरातच समुद्र खवळतो म्हणून ती थांबली. १६ ऑगस्ट २०२४ पासून 'शिवगंगै' नावाची दुसरी बोट सुरू झाली. अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर, वेळ चार तासांच्या आसपास. अमरावतीहून मूर्तिजापूरवरून अकोल्याला बाबांकडे जायचे तर शंभराच्या आसपास किलोमीटर पडतात. म्हणजे एवढ्याशा अंतरात तिकडे देश बदलतो, इकडे फार तर भाजीतल्या तिखटाचे प्रमाण!

"चेन्नईहून जाफन्याला विमान जाते, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी तो जसाच्या तसा अकोल्याला पोचवला. बाबा म्हणाले, "विमानातून समुद्र वरून दिसतो. वरून तो मी नकाशात पुष्कळ पाहिला आहे."

यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही.

खरी अडचण तारखेची. मास्तर लोकांना सुटी दिवाळीत असते, आणि नेमके ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचे वारे त्या किनाऱ्यावर धिंगाणा घालतात. माझी सुटी आणि बोटीची सुटी एकच. फेब्रुवारीत समुद्र शांत. पण त्याच महिन्यात चिरंजीवांची बारावी. त्यानंतर मेच्या आरंभी वैद्यकीयची प्रवेशपरीक्षा. राहिला मेचा उत्तरार्ध. डॉक्टरांनी बाबांची छाती तपासून सांगितले, "समुद्राची भीती नाही, उन्हाची आणि जिन्यांची आहे." यावर बाबांचे उत्तर, "अकोल्याचा मे ज्याने काढला त्याला लंका थंडच लागणार."

धाकटा काका म्हणतो, वर्षभर थांबा, मुलगा मोकळा होऊ द्या, बोटीचेही बस्तान बसू द्या. शहाणपणाचीच गोष्ट. पण गेल्या वर्षी बाबा बसथांब्यापर्यंत चालत यायचे. यंदा फाटकापर्यंत येतात. हे काकाला पत्र लिहून कळवण्यासारखे नाही, आणि बाबांसमोर बोलण्यासारखे तर नाहीच. मी मे महिना धरला आहे.

रस्त्याचा प्रश्न त्या मानाने सोपा. अमरावतीहून तिरुपतीला थेट गाडी आहे. ती अकोल्यावरूनच जाते, त्यामुळे बाबा तिथेच गाडीत चढतील. तिरुपतीहून पुढे तंजावर. हा मुक्काम मी माझ्या हक्काने घातला आहे. मराठी शिकवणाऱ्याने नागपट्टिणमला जावे आणि वाटेतले तंजावर टाळावे, हे कसे शक्य आहे? व्यंकोजीराजांचे राज्य १८५५ पर्यंत तिथे नांदले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आहेत. नागपट्टिणमशेजारच्या नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनारदेखील तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधलेला. शाळेत असताना आमचा इतिहास अटकेपार गेला. दक्षिणेकडे मात्र त्याने फारसे पाहिलेच नाही. सौभाग्यवतींनी तंजावरच्या पुढे 'कांजीवरम' असे लिहून ठेवले आहे. ते तंजावरच्या पुढच्या वाटेवर नाही, हे मी नकाशा उघडून दाखवले. त्यांनी नकाशा मिटला.

दिवाळीपूर्वी बाबांचा पासपोर्ट आला. पोलीस चौकशीला आलेल्या तरुण शिपायाने विचारले, "आजोबा, या वयात परदेश?" बाबांनी त्याला बसवून घेतले, कागद मागवला आणि पाल्कची सामुद्रधुनी काढून दाखवली. जाताना तो बिचारा पाया पडला. मग शिंप्याकडे जाऊन बाबांनी सदऱ्याला आतून खिसा शिवून घेतला, बटणाचा. पासपोर्ट त्यात नीट मावतो की नाही हे ते रोज एकदा पाहतात, असे वहिनी सांगत होती.

लंकेत शिरण्याची परवानगी आधी काढावी लागते, ती मी पुढे काढीन. वेळापत्रकही वाऱ्यापाण्याप्रमाणे बदलते. तिकिटे काढण्यापूर्वी चौकशी करावी लागेल आणि परतीसाठी दोन दिवस हातचे ठेवावे लागतील. हे सगळे परवा मी बाबांना फोनवर सविस्तर समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "बरं," ते म्हणाले, "खिडकीजवळची जागा मागता येते का रे?"