पंख्यावरचें नांव

दान गुप्त असावें, असें आपलीं शास्त्रें सांगतात. आणि आपल्या देवळांच्या पायऱ्या नेमकें त्याच्या उलट सांगतात. पायरीवर नांव, बांकावर नांव, पाणपोईवर नांव. आणि रुग्णालयांतल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तर दाता, त्याचे वडील आणि त्यांचें गांव अशी एक छोटी वंशावळच! या हौसेची थट्टा करणें सोपें आहे. पण ज्यानें एकदां हातांत पावतीपुस्तक घेतलें, त्याला ती थट्टा परवडत नाहीं.

एका बालरुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहासाठीं उपकरणें घ्यावयाचीं होतीं, आणि त्या निमित्तानें आम्ही चौघेजण दारोदार हिंडलों. एका सुखवस्तु गृहस्थांनीं आमचें सारें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें, चहा दिला आणि विचारलें, "खाट देतों, चालेल? खाटेला पाटी लावतां येते." आम्हीं सांगितलें कीं, खाटा आहेत, हवे आहेत ते चिमटे, कात्र्या आणि पोटांत घालून पाहावयाची दुर्बीण. त्यांनीं क्षणभर विचार करून म्हटलें, "पण चिमट्यावर नांव कोठें घालणार?"

प्रश्न रास्त होता. मोठ्या माणसाच्या पोटांत दुर्बिणीच्या साहाय्यानें शस्त्रक्रिया करतांना पांच किंवा दहा मिलिमीटर जाडीचीं हत्यारें चालतात. तान्ह्या मुलाला तीं तीन मिलिमीटरांचीं लागतात. तेवढ्या जागेंत कोणाची वंशावळ मावणार? आणि ही बारीकी म्हणजे कांहीं चैन नव्हे. तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाच्या अंगांतलें सगळें रक्त मोजलें, तर तें सुमारें अडीचशें मिलिलिटर भरतें. म्हणजे घरांतला एक मोठा पेला. त्यांतून चहाचे पांच चमचे रक्त गेलें, तर मोठ्या माणसाच्या अंगांतून अर्धा लिटर गेल्यासारखें होतें. शिवाय हत्यार जितकें नाजूक, तितकें तें लवकर झिजतें. दर वेळीं तें वाफेच्या दाबाखालीं निर्जंतुक करावें लागतें. धार जाते, बिजागरी सैल होते, आणि खर्च पुन्हा उभा राहतो. नव्या यंत्राला हार मिळतो. दुरुस्तीच्या बिलाला कोणी हार घालीत नाहीं.

मग मागावें तरी कसें? आमच्यांतील एकानें सुचविलें कीं, पत्रकावर एखाद्या आजारी मुलाचें छायाचित्र छापावें, म्हणजे पैसा आपोआप येईल. दुसऱ्याला तें रुचलें नाहीं. दुखण्याचें भांडवल करावयाचें, आणि तेंही ज्याला अजून 'नको' म्हणतां येत नाहीं अशा मुलाच्या? वाद बराच वेळ चालला.

हा वाद तसा जुना आहे. लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचें मुलांचें रुग्णालय १८५२ सालीं अवघ्या दहा खाटांनीं सुरू झालें. पुढें पैशाची चणचण भासूं लागली, तेव्हां ९ फेब्रुवारी १८५८ रोजीं एका मेजवानींत चार्ल्स डिकन्स बोलावयास उभा राहिला. एडिंबरोच्या गरीब वस्तींत अंड्यांच्या जुन्या खोक्यांत निजविलेलें एक आजारी मूल त्यानें पाहिलें होतें. त्याचें त्यानें वर्णन केलें, आणि त्या एका रात्रींत तीन हजारांहून अधिक पौंड जमले. याच रुग्णालयानें १९२९ सालीं जेम्स बॅरीला जागा-खरेदीच्या समितींत येण्याची विनंती केली. समितींत बसणें कांहीं त्याला मानवलें नाहीं. पण थोड्याच दिवसांत त्यानें 'पीटर पॅन' या आपल्या नाटकाचे सारे हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. त्याची इच्छा एकच होती: त्यांतून किती मिळतें, तें कधीं जाहीर करूं नये. रुग्णालय ती आजही पाळतें.

एकानें लोकांच्या अश्रूंना हात घातला, दुसऱ्यानें आंकड्यावर पडदा टाकला. मुलें मात्र दोघांच्याही पैशानें सारखींच बरीं झालीं. आणि नांवाबद्दलच बोलावयाचें, तर मुंबईंत परळला १९२९ सालापासून बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें रुग्णालय आहे. "पोराला वाडियांत नेलें" असें सांगणाऱ्या आयांपैकीं जेरबाई कोण होत्या, हें किती जणींना ठाऊक असेल? नांव राहिलें, पण तें आतां एका बाईचें न राहतां उपचाराचेंच झालें. नांवाला याहून चांगली गति ती कोणती? पंख्यावरचें नांवही तो थांबलेला असतांनाच वाचतां येतें. फिरूं लागला कीं अक्षरें विरून जातात आणि वारा तेवढा उरतो.

अखेर आमच्या पत्रकावर मुलाचें छायाचित्र आलें नाहीं. तीन मिलिमीटरांच्या हत्याराचें खऱ्या मापाचें चित्र आम्हीं छापलें, आणि त्याखालीं तो पांच चमच्यांचा हिशेब. पैसा सावकाश आला. चिमटे आले, कात्र्या आल्या. दुर्बिणीची रक्कम अद्याप निम्मीही जमलेली नाहीं. तोंवर तेथील शस्त्रक्रिया मोठ्या छेदाच्या जुन्या पद्धतीनें चालल्या आहेत. मुलें बरीं होतातच. फक्त घरीं जावयास त्यांना दोनचार दिवस अधिक लागतात, आणि तेवढ्या दिवसांची आईबापांची मजुरी बुडते. हे दोनचार दिवस कोणालाही विकत घेऊन त्या आईबापांना देतां येतील. पाटी लावावयाची सोय मात्र तेथें नाहीं.