फुलसावंगी ते ऑशकॉश

यवतमाळहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की आर्णी मागं पडतं, मग महागाव येतं, पुढं उमरखेड. वाट सगळी कापसाची. अधूनमधून तूर, सोयाबीन, डोंगरउतारावर साग आणि मध्येच एखादा बंजारा तांडा. दक्षिणेला पैनगंगा वाहते. ती ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. याच महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या गावाचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, ते एका हेलिकॉप्टरमुळं.

मैत्रिणींनो, तुम्हीही ती बातमी वाचली असेल आणि हळहळून पान उलटलं असेल. पण ते पान पुन्हा एकदा उघडावं असं मला वाटतं, कारण त्यात आपल्या घरातलं काहीतरी आहे.

शेख इस्माईल शेख इब्राहिम हे त्या तरुणाचं नाव. गाव त्याला मुन्ना म्हणे. वय अवघं चोवीस, शिक्षण आठवीपर्यंत. वेल्डिंग आणि पत्र्याच्या कामात मात्र हात बसलेला. जो हात कपाटं आणि कूलर करतो तो हेलिकॉप्टर का करू शकणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. मोबाइलवर चित्रफिती बघून, लोखंडी नळ्या जोडून आणि मारुती ८०० चं इंजिन बसवून, दोन वर्षं खपून त्यानं एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ असं त्याचं नावही ठेवलं. १५ ऑगस्टला ते सगळ्यांसमोर आणायचं ठरलं होतं. त्याआधी १० ऑगस्टच्या रात्री तो चाचणीसाठी आत बसला. पाती फिरू लागली. शेपटाकडचं लहान पातं तुटलं, ते डोक्यावरच्या मोठ्या पात्यावर आदळलं आणि मोठं पातं आत बसलेल्या मुन्नाला लागलं. हेलिकॉप्टरनं अजून जमीनही सोडली नव्हती.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला इंजिनिअर व्हायला नको. हेलिकॉप्टरचं मोठं पातं एका बाजूला फिरतं, तेव्हा खालचं धूड उलट्या बाजूला गरगरू पाहतं. ते रोखायला शेपटाला लहान पातं लावलेलं असतं. म्हणजे ते शोभेचं नव्हे, मोठ्या पात्याइतकंच जीवमोलाचं. आता आपला छताचा पंखा आठवा. त्याचं एक पान जरा वाकलं तरी सगळा पंखा कसा डगडगतो! कपडे धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका कडेला गोळा झाली तर ते यंत्र जागेवरून सरकू लागतं. फिरणाऱ्या वस्तूचं वजन सगळीकडून सारखं नसलं की ती हादरे देते, आणि त्या हादऱ्यांनी जोडकाम आतून चिरत जातं. वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून अशा यंत्राच्या पहिल्या चाचण्या आत कोणी न बसता, यंत्र जमिनीला घट्ट बांधून, दूर उभं राहून घ्यायच्या असतात. हे त्याला शेजारी उभं राहून सांगणारं जाणतं माणूस फुलसावंगीत कुठून असणार?

माझ्या मनात राहिलं ते हेच. त्याच्यात धाडस होतं, चिकाटी होती, हातात कला होती. नव्हती ती बरोबरीची माणसं. घरच्या घरी उडणारं यंत्र करण्याचं वेड जगात त्याला एकट्यालाच होतं असं नाही. या वेडाची तर दरवर्षी मोठी जत्रा भरते. चला, आज तिथंच जाऊन येऊ.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबॅगो नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी ऑशकॉश नावाचं एक शहर आहे. एरवी शांत. पण जुलैच्या अखेरीस आठवडाभर तिथल्या विट्मन विमानतळावर जवळपास दहा हजार विमानं गोळा होतात, आणि अलीकडच्या वर्षांत सहा लाखांहून जास्त लोकांनी हजेरी लावली आहे. त्यांतली कित्येक विमानं कुठल्या कारखान्यात नव्हे, तर घरच्या गॅरेजमध्ये, गोठ्यात, तळघरात तयार झालेली असतात. ज्यानं केलं तोच ते चालवत घेऊन येतो, बायकोमुलांसकट!

या जत्रेची सुरुवातही एका घरातच झाली. पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनी १९५३ साली मिलवॉकी इथं अशा हौशी लोकांची संघटना काढली. सुरुवातीचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचं तळघर. पत्रव्यवहाराचा आणि सभासदांच्या नोंदींचा व्याप त्यांच्या पत्नी ऑड्रे यांनी सांभाळला. नवऱ्याच्या छंदाचा पसारा आवरता आवरता ही बाई संस्थेचा कणा होऊन बसली. आपल्याला हे चित्र काही परकं नाही, नाही का? पहिला मेळावा त्याच वर्षी मिलवॉकीत झाला, पुढं काही वर्षं रॉकफर्डला, आणि १९७० पासून ऑशकॉशला. २०२० साली कोरोनामुळं तो भरला नाही.

आता कल्पना करा, नवरा-बायकोनं मिळून सहा-सात वर्षं खपून केलेल्या दोन खुर्च्यांच्या विमानातून तुम्ही तिथं निघाला आहात. मागच्या जागेत तंबू, पांघरुणं, छोटी शेगडी आणि चार दोर-खुंट्या. एकेक वस्तू तराजूवर तोलून घेतलेली, कारण विमानात जास्तीचं पातेलंही हिशेबात धरावं लागतं.

रिपन नावाच्या गावावर आलं की सगळी विमानं एका रांगेत लागतात. खाली रेल्वेचे रूळ दिसतात. त्यांच्यावरूनच, पुढच्या विमानामागं अर्धा मैल अंतर राखून, ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगानं जायचं. पुढं फिस्क हे खेडं येतं. तिथं जमिनीवर दुर्बिणी घेऊन नियंत्रक उभे असतात. ते तुम्हाला नावानं नाही, रंगानं ओळखतात. रेडिओवर ‘पिवळ्या विमाना, पंख हलव’ अशा अर्थाची हाक येते. तोंडानं उत्तर द्यायचं नाही, नुसते पंख डुलवायचे. एवढ्या गर्दीत प्रत्येकजण बोलू लागला तर कुणालाच ऐकू येणार नाही! धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके काढलेले असतात. तुम्हाला एका ठिपक्यावर उतरायला सांगतात, मागच्याला दुसऱ्या. त्यामुळं एकाच पट्टीवर पाठोपाठ दोन-तीन विमानं टेकतात. उतरल्यावर काचेत पाटी धरायची. घरी केलेलं विमान आणि मुक्काम तिथंच, या अर्थाची ‘एचबीसी’ ही अक्षरं त्या पाटीवर असतात. ती बघून स्वयंसेवक झेंडे हलवत तुम्हाला गवतावरच्या जागेवर नेऊन सोडतात.

मग पहिलं काम म्हणजे विमान खुंट्यांना बांधणं. जुलैतली वादळं तिथं अचानक येतात. २०१० साली तर इतका पाऊस झाला होता की मैदानात चिखल होऊन विमानं ठेवायला जागा उरली नाही. विमान बांधून झालं की पंखाखाली किंवा शेजारी तंबू. हा आठवडाभराचा संसार. अंघोळीच्या नळांपाशी रांग, विमानाच्या पंखाला वाळत घातलेला टॉवेल, शेगडीवर कॉफी, आणि पहाटेपासून डोक्यावर इंजिनांची घरघर. आषाढीच्या वाटेवरचा पालांचा मुक्काम डोळ्यांपुढं आणा, म्हणजे थोडी कल्पना येईल.

या मुक्कामाची गंमत पुढंच आहे. सकाळी तुम्ही कॉफीचा कप घेऊन बसलात की शेजारचा माणूस सहज येतो. तुमच्या विमानाभोवती एक फेरी मारतो. वाकून बघतो. विचारतो, हा बोल्ट इथं का? ही तार अशी का वळवली? यात कुणाला राग येत नाही. दाखवण्यासाठी आणि तपासून घेण्यासाठीच तर सगळे आलेले असतात. तुम्हीही उठून त्याचं विमान बघायला जाता. अशा एका आठवड्यात शेकडो अनुभवी डोळे तुमच्या कामावरून फिरून जातात.

शिकायची सोयही तिथंच. पत्र्याचं काम, लाकूडकाम, वेल्डिंग, कापड चढवणं यांचे वर्ग चालतात, आणि स्वतः करून बघायला मिळतं. पत्र्याच्या विमानाला हजारो रिव्हेट मारावे लागतात. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी एकानं बाहेरून ठोकायचं आणि दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा धरायचा. एकट्याला जमणारच नाही! अनेक घरांत तो ठोकळा धरणारा हात बायकोचा असतो.

कापडाच्या पंखाची हकीकत तर आपल्या अगदी जवळची. राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडवलं, त्याच्या पंखांवर सुती मलमल होती आणि ती शिलाई मशीनवर शिवलेली होती. पुढंही बरीच वर्षं लहान विमानांना सुती कापडच चढवत आणि त्यावर खास रोगण देऊन ते ताणून घट्ट करत. म्हणजे यवतमाळच्या शिवारातल्या बोंडाचं आणि आकाशाचं नातं जुनंच म्हणायचं. आता कृत्रिम धाग्याचं कापड असतं. ते सांगाड्यावर चिकटवायचं, मग चक्क घरातली इस्त्री फिरवायची, आणि त्यानंतर लांब सुईनं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं आरपार टाके घालायचे! मात्र इस्त्रीचं तापमान आधी नीट मोजून घेतलेलं असतं. उष्णतेनं कापड आवळतं आणि ढोलकीसारखं ताठ होतं. ज्या बाईनं जन्मभर शिवणटिपण केलं, तिला हे काम शिकायला किती दिवस लागतील, सांगा बरं!

हौशीला तिथं वाटेल ते करायची मोकळीक आहे असं मात्र समजू नका. निम्म्याहून अधिक काम हौशी लोकांनीच शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेलं असावं लागतं. काम चालू असताना संघटनेचे अनुभवी स्वयंसेवक घरी येऊन बघून जातात, विशेषतः पंख कायमचे बंद करण्याआधी, कारण एकदा झाकलं की आतली चूक दिसत नाही. शेवटी सरकारी तपासणी होते. नंतरही बहुधा पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, आणि हौस म्हणून कुणालाही शेजारी बसवायचं नाही. विमान परीक्षेत उतरलं की मगच बायकोमुलं, मगच तंबू आणि मगच ऑशकॉश. इतकं करूनही अपघात होतातच. हा खेळ आगीशी आहे हे तिथं कुणी विसरत नाही.

आपल्याकडं हे अगदीच अशक्य आहे का? तसंही नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते, हा तिसरा. २०१६ साली ते क्रेननं खाली उतरवून ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा बघायला गर्दी लोटली. विमानाची नोंदणी झाली २०१७ साली, उडण्याचा परवाना मिळाला २०१९ साली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं. कागदपत्रांपायी वर्षंच्या वर्षं गेली, त्याचा त्रास कोणालाही होईल. पण परवानगीच्या त्या लांबलचक वाटेवर दर टप्प्याला काम कोणीतरी बघतं, प्रश्न विचारतं. आणि ते स्वतः वैमानिक होते, हेही विसरायचं नाही.

मुन्नाकडं ना ती गच्ची होती, ना ती ओळख. यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे, पण फुलसावंगीच्या वेल्डिंगवाल्या पोराला तिथं कोण उभं करणार? कुठल्या कचेरीत कोणता अर्ज द्यायचा हे त्याला कोण सांगणार?

मैत्रिणींनो, असा एक जीव बहुतेक घरांत असतो. मिक्सर उघडून बसणारा, जुन्या मोटारसायकलीचं इंजिन अंगणात आणून टाकणारा, रात्री दोनपर्यंत ठकठक करणारा. त्याला ‘बंद कर ते खूळ’ म्हणणं सोपं, आणि ‘माझं पोर शास्त्रज्ञ आहे’ म्हणून मिरवणंही सोपं. दोन्हीनं तो एकटाच पडतो. त्यापेक्षा त्याच्यासाठी माणसं शोधा. जवळच्या आयटीआयमधले शिक्षक, इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक, एसटी आगारातला जुना मेकॅनिक. मुलगा किंवा मुलगी शाळा-कॉलेजात असेल तर एनसीसीच्या हवाई शाखेत लहान विमानं करून उडवायला शिकवतात, तिथं चौकशी करा.

आणि घरात चार नियम घाला. एकट्यानं यंत्र चालू करायचं नाही. थकलेल्या अंगानं, रात्री-बेरात्री चाचणी नाही. फिरत्या पात्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि पहिल्यांदा चालू करताना आत कुणी बसायचं नाही. चौथा नियम तारखेचा. लग्नाला मुहूर्त असतो, यंत्राला नसतो. पंधरा ऑगस्ट, गणपती, साहेबांचा दौरा, कशासाठीही घाई नको. झालं तेव्हा झालं.

आपल्याला बोल्ट कळत नसेल, इंजिन कळत नसेल. पण ‘आज तुझं काम बघायला कोण येणार आहे?’ एवढं तर आपण विचारू शकतो. ‘कोणी नाही’ असं उत्तर आलं, तर त्या दिवशी यंत्राचं बटण दाबू द्यायचं नाही.